आधी पिवळा, मग कॅमेरा : पूर्व उपनगरातल्या एका चौकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हा चौक कोणत्याही मुंबईकराला नकाशाशिवाय डोळ्यांपुढे आणता येईल. उत्तर-दक्षिण जाणारा रुंद मुख्य रस्ता, मधे दुभाजक. त्याला छेदणारा, रेल्वे स्टेशनकडे उतरणारा अरुंद रस्ता. एका कोपऱ्यावर शाळा, समोर चाळी आणि पुनर्विकासाच्या उंच इमारती, तिसऱ्या कोपऱ्यावर मेडिकलचं दुकान, चौथ्यावर बेस्टचा थांबा आणि शेअर रिक्षांची रांग. सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान शाळेची मुलं, लोकल पकडायला निघालेली माणसं, दूधवाले आणि डिलिव्हरीवाले असे सगळे एकाच सिग्नलवर येऊन पडतात.

चौकाचं नाव, माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील इथे मुद्दाम वगळले आहेत. या प्रकरणात ज्या बैठका झाल्या त्यांची टिपणं ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पहिल्यापासून ऐकायला मिळालं. सिग्नलवरच्या कॅमेऱ्याबद्दल आपल्याकडे जो वाद होतो तो बहुतेक वेळा दंडाच्या पैशावर अडकतो. इथेही तसंच झालं होतं. पण तो तिथून पुढे सरकला, आणि कसा सरकला हे इतर वस्त्यांना उपयोगी पडेल म्हणून हे सगळं लिहून काढते आहे.

काय घडलं

शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या, पावसाची भुरभुर चालू होती. साठी ओलांडलेल्या एक आजी नातवाला शाळेत सोडायला निघाल्या होत्या. पादचाऱ्यांची हिरवी खूण लागली आणि त्यांनी झेब्रावर पाऊल टाकलं. त्याच वेळी मुख्य रस्त्यावरून चौक ओलांडत आलेली मोटारसायकल त्यांच्यावर आदळली. नातू दप्तराचा पट्टा सावरायला मागे थांबला होता म्हणून वाचला. आजींचा खुबा मोडला. मोटारसायकलवरचा विशीतला डिलिव्हरी करणारा मुलगा गाडीसकट घसरत गेला, त्याचं मनगट मोडलं. जमलेल्या लोकांनी त्याला धरून मारायला सुरुवात केली. रांगेतल्या दोन रिक्षावाल्यांनी मधे पडून त्याला सोडवलं आणि आजींना व त्याला एकाच रुग्णालयात नेलं.

दुसऱ्याच दिवशी आसपासच्या सोसायट्यांनी सह्यांची मोहीम सुरू केली. मागणी एकच होती : या चौकात लाल सिग्नल तोडणाऱ्यांना पकडणारा कॅमेरा बसवा आणि चलान घरी पाठवा.

मागणी आणि विरोध

मागणीमागचं कारण समजण्यासारखं होतं. मुंबईत सीसीटीव्हीच्या आधाराने ई-चलान २०१६ पासून सुरू आहे. केंद्राने २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती केली, तेव्हा कलम १८४ च्या स्पष्टीकरणात लाल सिग्नल ओलांडण्याचा थेट उल्लेख आला. म्हणजे ते कृत्य ‘धोकादायक वाहन चालवणं’ या सदरात बसू शकतं. पहिल्या गुन्ह्यालाही किमान १,००० ते कमाल ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याच दुरुस्तीत कलम १३६अ आलं. त्याने इलेक्ट्रॉनिक देखरेखीची जबाबदारी राज्यांवर टाकली. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाच्या अंमलबजावणीबाबत राज्यांना निर्देश दिले. तेव्हा सोसायटीवाल्यांचं म्हणणं होतं, की कायदा आहे, यंत्र आहे, मग आमच्या चौकात का नाही?

विरोध समोरच्या चाळीतून आणि रिक्षांच्या रांगेतून आला. पहिल्या बैठकीत एक रिक्षाचालक उठून म्हणाले, “साहेब, रिक्षा माझी नाही. मी शिफ्टवर चालवतो. चलान मालकाच्या मोबाइलवर जाणार. तो चार महिन्यांनी मला म्हणणार, एवढे भर, नाहीतर उद्यापासून गाडी नाही. त्या दिवशी चालवत होतो मी का रात्रपाळीवाला, हे कोण सांगणार?” कॅमेरा नंबर प्लेट वाचतो, चालकाचा चेहरा नाही. स्वतःच्या मालकीची मोटार चालवणाऱ्याला हा फरक जाणवत नाही. रोजच्या भाड्याने गाडी घेणाऱ्याला तो पहिल्यांदा जाणवतो.

आणखी एक भीती रुग्णवाहिकेची होती. मागून सायरन वाजतोय, रेषा ओलांडून बाजूला झालो, तर सिग्नल तोडल्याचं चलान येणार. वाट दिली नाही, तर कलम १९४ई खाली १०,००० रुपये दंड. अशा वेळी माणसाने करायचं काय? या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी कोणीच नीट दिलं नाही.

आजींच्या सूनबाई त्या बैठकीला आल्या होत्या. बराच वेळ ऐकून त्या म्हणाल्या, “दंड कोण भरणार यावर तासभर झाला. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. हिरवा लागल्यावरच निघाल्या होत्या त्या. मग चुकलं कुठे, एवढंच मला सांगा.” पुढचं सगळं काम या एका प्रश्नावर उभं राहिलं.

पहिलं वळण : मेडिकलच्या दुकानाचं फुटेज

मेडिकलच्या मालकांनी आपल्या कॅमेऱ्याचं फुटेज पोलिसांना दिलं होतं आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवली होती. त्यात स्टॉप लाइन, सिग्नलचा एक दिवा आणि झेब्राचा अर्धा भाग दिसत होता. चौकाजवळ राहणारे एक निवृत्त अभियंते होते, त्यांनी आयुष्यभर रस्त्यांच्या कामावर नोकरी केली होती. त्यांनी ते फुटेज एकेक चित्र थांबवून पाहिलं.

तीन गोष्टी निघाल्या. मोटारसायकल वेगात होती. दोन खांबांमधलं अंतर पार करायला लागलेल्या वेळावरून ताशी ५० ते ६० किलोमीटरच्या दरम्यान. तिने स्टॉप लाइन ओलांडली ती लाल लागल्यावर एक सेकंद पुरा होण्याआधी. आणि तिसरी गोष्ट, जी तोवर कोणाच्याच ध्यानात आली नव्हती : मुख्य रस्त्याचा लाल आणि पादचाऱ्यांचा हिरवा एकाच क्षणी लागत होता. दोन्ही बाजू लाल असण्याचा, ज्याला सिग्नलवाले ‘ऑल रेड’ म्हणतात, तो काळच नव्हता.

झेब्रा चौकाच्या पलीकडच्या टोकाला. स्टॉप लाइनपासून तिथपर्यंतचं अंतर तीसएक मीटर. त्या वेगाने ते पार करायला साधारण दोन सेकंद लागतात. म्हणजे पिवळ्याच्या शेवटच्या क्षणी कायदेशीरपणे आत शिरलेलं वाहनसुद्धा पादचाऱ्याला हिरवी खूण मिळाल्यावर झेब्रावर पोचणार होतं. आजींचं काही चुकलं नव्हतं. पण आजींना मिळालेली हिरवी खूण सुरक्षित नव्हती.

आता त्या मुलाची बाजू. प्लॅस्टर घातलेल्या हाताने तो बैठकीला आला, त्याला यायला कोणी भाग पाडलं नव्हतं. म्हणाला, “पिवळा दिसला. मागे टेम्पो चिकटून होता. ब्रेक मारला असता तर रस्ता ओला, टेम्पो अंगावर आला असता. वाटलं, निघून जाईन.” तो वेगात होता, आणि वेग ही त्याची निवड होती. ऑर्डरची घाई हे त्याचं कारण असेल, पण त्या रस्त्यावर त्या वेळी त्या वेगाने जाण्याचं ते समर्थन होत नाही. हे मी त्याच्यासमोरही म्हटलं होतं. तरीही पिवळा दिसल्यावर त्याच्यापुढे खरोखर कोणते मार्ग होते, हे तपासणं गरजेचं होतं.

पिवळ्याचं गणित

पिवळ्याचा अर्थ आपण विसरलो आहोत. पिवळा लागला की स्टॉप लाइनच्या अलीकडे थांबायचं. इतके जवळ आलो असू की सुरक्षित थांबताच येणार नाही, तरच पुढे जायचं. मग पिवळा इतका वेळ तरी राहिला पाहिजे, की ज्याला थांबणं शक्य नाही तो लाल लागण्याआधी रेषा ओलांडेल.

हा वेळ काढण्याचं सूत्र १९६० सालापासून प्रचारात आहे. माणसाच्या प्रतिक्रियेचा एक सेकंद, त्यात वेगाला, ब्रेकने तो दर सेकंदाला जितका घटतो त्याच्या दुपटीने भागून येणारा वेळ मिळवायचा. साधारण ब्रेकने वेग दर सेकंदाला ‘सेकंदामागे ३ मीटर’ इतका घटतो असं धरलं, तर ताशी ४० किलोमीटरला पिवळा जवळपास २.९ सेकंद हवा, ५० ला ३.३ आणि ६० ला ३.८. या चौकातला पिवळा होता ३ सेकंद.

अभियंत्यांनी हे बैठकीत खडूने जमिनीवर आखून दाखवलं. ताशी ६० ने येणाऱ्याला थांबायला सुमारे ६३ मीटर लागतात. तीन सेकंदांच्या पिवळ्यात तो जातो ५० मीटर. पिवळा लागला तेव्हा जो रेषेपासून ५० ते ६३ मीटरच्या पट्ट्यात असेल, त्याला थांबताही येत नाही आणि वेळेत रेषा ओलांडताही येत नाही. ताशी ५० ला हा पट्टा चारएक मीटरचा राहतो आणि ४० ला नाहीसाच होतो. रस्ता ओला असला की थांबायचं अंतर वाढतं आणि पट्टा लांबतो. जमिनीवरच्या त्या आखणीशी उभं राहून रिक्षाचालक आणि सोसायटीचे सेक्रेटरी पहिल्यांदा एकाच गोष्टीबद्दल बोलत होते.

यातून दोन निष्कर्ष निघतात आणि दोन्ही तितकेच खरे आहेत. पहिला : वेग कमी असता तर तीन सेकंदांचा पिवळाही पुरला असता. दुसरा : त्या रस्त्यावर प्रत्यक्षात जो वेग आहे, त्याला हा पिवळा अपुरा आहे. त्यावर कॅमेरा लावला तर तो ज्यांना थांबणं शक्यच नव्हतं अशांनाही पकडत राहील. मग चलानाबद्दलचा राग इतका वाढेल, की मुद्दाम सिग्नल तोडणाऱ्यालाही सहानुभूती मिळेल.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, कॅमेरा ताबडतोब. त्याच्या बाजूने आणि विरोधात परदेशात बरंच संशोधन झालं आहे, आणि ते एका सुरात बोलत नाही. अमेरिकेच्या फेडरल हायवे अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने २००५ मध्ये सात ठिकाणच्या, कॅमेरे असलेल्या १३२ चौकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काटकोनात होणाऱ्या धडका जवळपास २५ टक्क्यांनी घटल्या, पण मागून बसणाऱ्या धडका १५ टक्क्यांनी वाढल्या. काटकोनातली धडक जास्त जीवघेणी असते, म्हणून हिशेब एकूण फायद्याचाच निघाला. ह्यूस्टनमध्ये मात्र नागरिकांनी २०१० साली मतदान करून कॅमेरे बंद पाडले, आणि त्यानंतरच्या एका अभ्यासाला एकूण अपघातांत कॅमेऱ्यामुळे घट झाल्याचा पुरावा सापडला नाही. याउलट विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या तिथल्याच एका संशोधन संस्थेने २०१६ मध्ये दाखवलं, की कॅमेरे बंद केलेल्या शहरांत लाल सिग्नल तोडल्यामुळे होणारे प्राणघातक अपघात अपेक्षेपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त होते.

हे आकडे जसेच्या तसे मुंबईत आणता येत नाहीत. तिकडे मागून बसलेली धडक म्हणजे बहुतेक वेळा एका मोटारीचा बंपर दुसरीला लागणं. इथे पुढे मोटारसायकल आणि मागे टेम्पो किंवा डंपर असतो. मुंबईच्या रस्त्यांवर मरणाऱ्यांत पादचारी आणि दुचाकीस्वार यांचंच प्रमाण सर्वांत मोठं आहे. कॅमेऱ्याच्या भीतीने कोणी करकचून ब्रेक मारला, तर त्याची किंमत इथे वेगळी पडते. म्हणून ‘मागून धडक किरकोळ असते’ हे गृहीत धरू नये, असा आग्रह बैठकीत मी धरला होता.

दुसरा पर्याय, शाळेच्या वेळेत माणूस उभा करणं. हवालदार किंवा वॉर्डन उभा असला की चौक शिस्तीत चालतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पण तो माणूस सणाच्या बंदोबस्ताला गेला, की दुसऱ्याच दिवशी सगळं पूर्ववत होतं.

तिसरा, सिग्नलच्या वेळा बदलणं. पिवळा वाढवणं, ऑल रेड देणं, पादचाऱ्यांचा वेळ वाढवणं. चौकीतल्या उपनिरीक्षकांनी यावर एक रास्त शंका काढली : “पिवळा वाढवला की लोकांना त्याची सवय होईल. आज तीन सेकंदांवर पळतात, उद्या चारवर पळतील.” याला उत्तर फिलाडेल्फियातल्या एका प्रयोगात सापडलं. त्याचा अहवाल २००८ साली प्रसिद्ध झाला. तिथे आधी फक्त पिवळा साधारण एका सेकंदाने वाढवला, तेव्हा लाल तोडण्याचं प्रमाण ३६ टक्क्यांनी उतरलं. त्यानंतर त्याच चौकांत कॅमेरे लावले, तेव्हा जे उरलं होतं त्यातलंही ९६ टक्के उतरलं. म्हणजे नाइलाजाने लाल ओलांडणारे पिवळा वाढवल्यावर कमी झाले आणि जाणूनबुजून तोडणारे कॅमेऱ्याने. दोन्ही उपाय लागतात, फक्त क्रम महत्त्वाचा. माझ्या मते या सगळ्या वादात इतकी स्पष्ट दिशा दुसऱ्या कोणत्याही आकड्याने दिली नाही.

चौथा पर्याय, रस्ताच बदलणं : स्टॉप लाइन मागे घेणं, दुभाजकात पादचाऱ्यांना थांबायला जागा, झेब्राच्या आधी उंचवटा. देशभरातल्या अपघातांच्या सरकारी अहवालांत अतिवेगाचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास आणि लाल सिग्नल तोडण्याचा एक टक्क्याच्या आसपास दिसतो. पोलिसांच्या नोंदीत ‘अतिवेग’ हे कारण सैलपणे लिहिलं जातं हे मान्य केलं, तरी वेगाला हात न घालता फक्त सिग्नलवर पहारा ठेवणं अपुरं आहे, हे त्यातून कळतं.

काय ठरलं

दुसऱ्या बैठकीत सोसायट्यांचे सेक्रेटरी, रिक्षाचालकांचे प्रतिनिधी, पालक आणि चाळीतली दोन मंडळं यांनी एकच अर्ज करायचं ठरवलं. हे सोपं नव्हतं. काही सोसायटी सदस्यांना वाटत होतं, की ऑल रेड वगैरे मागण्यांत अडकलो तर कॅमेरा लांबणीवर पडेल. आणि ती भीती खोटी नव्हती, कॅमेरा खरोखरच लांबला. रिक्षावाल्यांतल्या काहींना कॅमेरा कधीच नको होता. शेवटी तोड निघाली ती अशी : आधी सिग्नल दुरुस्त, मग कॅमेरा, आणि कॅमेरा लावताना ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या नियम १६७अ मधली प्रत्येक अट पाळली जावी.

या नियमाची माहिती फार कमी लोकांना आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचं दर वर्षी नूतनीकरण व्हावं लागतं. देखरेख असलेल्या पट्ट्याच्या आधी, सहज दिसेल असा फलक लावावा लागतो. चलानासोबत उल्लंघन आणि नंबर प्लेट स्पष्ट दिसेल असं छायाचित्र, यंत्राची नोंद, तारीख, वेळ, ठिकाण आणि लागू केलेलं कलम द्यावं लागतं. सूचना घटनेपासून १५ दिवसांच्या आत पाठवावी लागते. शिफ्टवर गाडी चालवणाऱ्याच्या दृष्टीने या पंधरा दिवसांना फार किंमत आहे. पंधरा दिवसांत कळलं, तर त्या दिवशी गाडी कोणाकडे होती हे मालकाला आणि चालकाला दोघांनाही आठवतं. चार-सहा महिन्यांनी थकलेली दहा चलानं एकदम समोर आली, तर आठवतही नाही आणि शिकणंही होत नाही. आकडा लोकअदालतीत कमी करून घेण्यापुरताच तो विषय उरतो.

अर्जात आणखी एक वाक्य घातलं : यंत्रणा चालवणाऱ्या कंत्राटदाराचा मोबदला चलानांच्या संख्येवर ठरू नये. शिकागोत कॅमेऱ्यांच्या कंत्राटापायी लाच घेतल्याबद्दल शहराच्या एका माजी अधिकाऱ्याला २०१६ मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. तिथेच तीन सेकंदांपेक्षा किंचित कमी पिवळ्यावर दिलेली हजारो चलानं वादात सापडली. ज्याचं पोट चलानांवर आहे त्याला पिवळा लांबवण्यात रस असण्याचं कारण नाही. सेक्रेटरींना हे वाक्य ‘उगाच संशय’ वाटलं. रिक्षावाल्यांसाठी मात्र सही करण्याचं तेच एक कारण होतं. ते वाक्य राहिलं.

अंमलबजावणी

सिग्नलच्या वेळा बदलायला कागद दोन कार्यालयांतून फिरला. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्यात पावसाळा संपला. गाडी पुढे सरकली ती अभियंत्यांनी आखणीचा कागद आणि पालकांनी मोबाइलवर टिपलेली चित्रं घेऊन दोन्ही कार्यालयांच्या माणसांना एकाच सकाळी चौकात उभं केलं तेव्हा. शाळा भरायच्या वेळी तिथे वीस मिनिटं उभं राहिल्यावर अर्ज वाचून दाखवायची गरज पडली नाही.

पिवळा ३ वरून ४ सेकंद झाला. दोन सेकंदांचा ऑल रेड आला. पादचाऱ्यांच्या वेळेबाबत जास्त ओढाताण झाली. मुख्य रस्ता झेब्रापाशी २४ मीटर रुंद. तंदुरुस्त माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरलं तर २० सेकंद पुरतात. पण आजींच्या वयाची माणसं, गुडघेदुखीवाले, हात धरलेलं लहान मूल, यांचा वेग सेकंदाला ०.८ मीटरवर येतो, आणि त्याला ३० सेकंद लागतात. मुख्य रस्त्याची कोंडी वाढेल म्हणून इतका वेळ द्यायला नकार होता. शेवटी शाळेच्या वेळांपुरता वाढीव वेळ आणि दुभाजकात थांबायला जागा यावर मिटलं. मला विचाराल, तर ही तडजोड कमीच पडली. म्हातारी माणसं शाळेच्या घंटेवर घराबाहेर पडत नाहीत.

स्टॉप लाइन झेब्रापासून मागे घेऊन नव्याने रंगवली. सिग्नलचा दिवा झाकणारी झाडाची फांदी छाटली गेली. उंचवटा झाला नाही, बसमार्गाचं कारण मिळालं.

कॅमेरा त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी आला. फलक आधी लागला, हे त्या अर्जाचं यश. सुरुवातीचे काही दिवस फक्त इशाऱ्याचे संदेश गेले, दंड नाही.

निकाल

पालकांनी आधीही आणि नंतरही ठरावीक वेळांना चित्रण केलं होतं. पिवळा आणि ऑल रेड बदलल्यावर लाल लागल्याच्या पहिल्या क्षणात घुसणाऱ्या गाड्या ठळकपणे कमी झाल्या, आणि हे कॅमेरा येण्याच्या आधी झालं. पूर्ण लाल असताना, रस्ता मोकळा दिसतोय म्हणून दामटणारे मात्र तसेच राहिले. ते कॅमेरा आल्यावर ओसरले. उपनिरीक्षकांची सवयीची शंका खरी ठरली नाही, निदान चित्रण चालू होतं तोवर तरी नाही.

कॅमेऱ्याच्या पहिल्या आठवड्यांत मागून धडका झाल्या. एका रिक्षाला मागून टेम्पो बसला, आतल्या प्रवाशाच्या मानेला मार लागला. फलकाची जागा चौकाच्या फार जवळ होती, म्हणून लोक तो पाहून अचानक दाबत होते. तो मागे हलवल्यावर प्रकार कमी झाले.

रुग्णवाहिकेला वाट दिल्यावर आलेल्या एका चलानाची तक्रार चित्रासह केली, आणि ते रद्द झालं. चित्रात मागचा सायरनचा दिवा दिसत होता म्हणून. दिसला नसता तर काय, हा प्रश्न तसाच आहे. नंबर प्लेट वाकवून, तिच्यावर कापड बांधून जाणाऱ्यांवर कॅमेऱ्याचा काही परिणाम नाही, आणि त्यांतच सर्वांत बेफिकीर चालक असतात. त्यांच्यासाठी माणूसच उभा लागतो.

चौकात त्यानंतर गंभीर अपघात झालेला नाही. याचं श्रेय लगेच कॅमेऱ्याला किंवा पिवळ्याला द्यायला मी तयार नाही. एखाद्या ठिकाणी वाईट वर्ष गेलं की पुढचं वर्ष काही न करताही बरं जाण्याची शक्यता असते, आणि एका चौकाच्या इतक्या थोड्या काळावरून सिद्ध काहीच होत नाही. चित्रणात दिसलेला वागणुकीतला बदल मात्र खरा आहे.

आजी वॉकर घेऊन घरात फिरतात. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालू आहे. मोटारसायकल त्या मुलाच्या भावाच्या नावावर होती आणि तिचा विमा चालू होता, एवढंच त्यातलं समाधान. मुलाने डिलिव्हरीचं काम सोडलं, त्याच्यावरचा खटला चालू आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी गोष्ट वेळेची. ऑल रेड द्यायला ना खोदकाम लागतं ना निविदा. कॅमेऱ्याची मागणी आणि सिग्नलच्या वेळा एकाच अर्जात बांधल्यामुळे लोकांची एकी टिकली, पण जे काम काही दिवसांत होऊ शकलं असतं ते पावसाळाभर रखडलं. त्या काळात शाळेची मुलं त्याच हिरव्या खुणेवर विसंबून रस्ता ओलांडत होती. ऑल रेडचा वेगळा, एका पानाचा, तातडीचा अर्ज पहिल्या आठवड्यात जायला हवा होता. एकीसाठी बाकीचं सगळं थांबवता आलं असतं, हे नाही.

दुसरं, वेगाचा मुद्दा. बैठकीत गणिताने तो सर्वांना पटला होता. ताशी ४० च्या मर्यादेत गाड्या आल्या असत्या, तर पिवळ्याचा प्रश्नच उरला नसता. पण उंचवट्याला नकार मिळाल्यावर कोणी पाठपुरावा केला नाही. झेब्राच रुंद आणि थोडा उंच करून बस सहज जाईल अशी बांधणी करता येते. तसा पर्याय आराखड्यासह मांडला गेला नाही. पिवळा वाढवून आपण त्या रस्त्यावरचा चुकीचा वेग एका अर्थी मान्य करून टाकला, अशी टीका अभियंत्यांनी स्वतःच नंतर केली, आणि ती मला योग्य वाटते.

तिसरं, डिलिव्हरी कंपनीचा बैठकीत प्रवेशच झाला नाही. मुलगा आला, त्याचे मित्र आले, पण ज्यांच्या ऑर्डरसाठी तो धावत होता त्यांच्याकडून कोणालाही बोलावण्याचं कोणाला सुचलं नाही. चलान गाडीच्या मालकावर, खटला मुलावर. ऑर्डर पोचवायच्या वेळेचा हिशेब ज्यांनी ठरवला, त्यांच्याकडे एकही प्रश्न गेला नाही.

आता एक विषय उरला आहे. रात्री अकरानंतर हा सिग्नल पिवळ्या ब्लिंकरवर जातो. कॅमेरा लाल असतानाच काम करतो, म्हणजे रात्री तो असून नसल्यासारखा. शेवटच्या लोकलने उतरलेली माणसं, रात्रपाळीच्या बाया याच झेब्रावरून घरी जातात आणि त्या वेळी मुख्य रस्त्यावरचा वेग दिवसापेक्षा जास्त असतो. रात्रभर सिग्नल चालू ठेवला तर मोकळ्या रस्त्यावर लोक तो तोडतील आणि चलानांचा ढीग पडेल, असं एक मत आहे. पादचाऱ्याने बटण दाबल्यावरच लाल लागेल अशी सोय करावी, असं दुसरं. पालकांचा गट आता रात्रीचं चित्रण करतो आहे, आणि या वेळी अर्ज एकाच मागणीचा असेल.